पाळण्यासाठी आणलेली चिलापी भीमेत कशी स्थिरावली?

मंगळवेढा - मालदांडी ज्वारीचे कोठार आणि संत दामाजी, संत चोखोबा यांची भूमी ही मंगळवेढ्याची ओळख साऱ्या महाराष्ट्राला आहे. मात्र याच तालुक्याच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या भीमा नदीच्या पोटात गेल्या काही दशकांत जे स्थित्यंतर घडले, त्याची फारशी चर्चा होत नाही. उचेठाण, माचणूर परिसरात नदीत टाकलेल्या जाळ्यात आज जो मासा हमखास सापडतो, तो चिलापी हा मूळचा भीमेचा नाही, महाराष्ट्राचा नाही आणि भारताचाही नाही. तो आफ्रिकेतून आला. माणसाने तो पाळण्यासाठी आणला आणि पुढे तो माणसाच्या ताब्यात राहिला नाही.

ही एकट्या चिलापीची गोष्ट नाही. एखादा जलचर उत्पादनासाठी नव्या पाण्यात आणायचा, काही वर्षे भरघोस उत्पन्न घ्यायचे आणि त्याची खरी किंमत पुढच्या पिढीने मोजायची, असा अनुभव जगाच्या अनेक भागांनी घेतला आहे. शेततळ्यांतील मत्स्यपालनाकडे सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी वळू लागले असताना हा अनुभव समजून घेणे आवश्यक आहे.

आफ्रिका ते उजनी

इंग्रजीत ज्या माशाला तिलापिया म्हणतात, त्यालाच आपल्याकडे चिलापी असे नाव पडले आहे. त्यातील मोझांबिक तिलापिया ही जात १९५२ मध्ये श्रीलंकेमार्गे तमिळनाडूतील मंडपम येथे आणण्यात आली. स्वातंत्र्यानंतरचा तो अन्नटंचाईचा काळ होता. स्वस्त प्रथिने देणारा, कोणतेही खाद्य पचवणारा आणि झपाट्याने वाढणारा मासा म्हणून त्याच्याकडे पाहिले गेले. हेतू चांगलाच होता. परंतु अवघ्या सात वर्षांत, म्हणजे १९५९ मध्ये, हा मासा आणखी पसरवू नये असा निर्णय देशातील मत्स्य संशोधन समितीला घ्यावा लागला. तोवर उशीर झाला होता. तळ्यांतून ओढ्यांत, ओढ्यांतून नद्यांत आणि नद्यांतून धरणांत तो पोहोचत राहिला. पुढे १९७० च्या दशकात नाईल तिलापिया ही आकाराने मोठी होणारी दुसरी जातही देशात आली. मराठी मासळी बाजारात या दोन्ही जाती चिलापी याच नावाने विकल्या जातात.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी साठवण क्षमतेचा यशवंतसागर जलाशय हे चिलापीला लाभलेले आयते घर ठरले. नदीचे वाहते पाणी थांबले की वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या माशांची पंचाईत होते. संथ पाण्यात रमणाऱ्यांचे मात्र फावते. त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत आणि तेथून उजनीत येते. या पाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असल्याने शेवाळ माजते. शेवाळ, कुजलेला पाला, किडे असे जे मिळेल ते खाणाऱ्या आणि कमी प्राणवायूतही तग धरणाऱ्या चिलापीला असे पाणी मानवते.

यशाचे रहस्य तोंडात

चिलापीच्या यशाचे खरे कारण तिच्या प्रजननात आहे. आपल्या परिचयाचे कटला, रोहू, मृगळ हे मासे वर्षातून एकदाच, पावसाळ्यात, पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. अंडी लाखोंनी असली तरी ती पाण्यावर सोडून दिलेली असतात. धरणाच्या थांबलेल्या पाण्यात हे प्रजनन सहसा होत नाही. म्हणूनच जलाशयात दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, विकत आणून सोडावी लागतात.

चिलापीला यातील कशाचीच गरज नाही. नर तळाच्या मातीत खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि फलित झालेली अंडी तोंडात उचलून घेते. अंडी उबवण्याचे आणि पिलांच्या पहिल्या दिवसांतील रक्षणाचे काम तोंडातच होते. अंडी संख्येने थोडी असतात, पण त्यांतील बहुतेक जगतात. अवघ्या तीन-चार महिन्यांची चिलापी प्रजननक्षम होते आणि उबदार पाण्यात वर्षातून अनेकदा अंडी घालते. सोलापूरसारख्या उष्ण जिल्ह्यात तिला बहुतेक सारे वर्ष मोकळे असते.

याच गुणाला दुसरी बाजू आहे. गर्दी वाढली की चिलापीची वाढ खुंटते. तळहाताएवढी असतानाच ती अंडी घालू लागते आणि पाण्यात लहान माशांची झुंबड उडते. जाळे भरते, पण त्यात मोठा, चांगला भाव मिळणारा मासा कमी असतो. शिवाय खाद्य आणि विणीच्या जागा यांसाठी स्थानिक माशांशी तिची स्पर्धा होते. त्यांची अंडी आणि पिलेही ती खाते. मरळ, वाम यांसारख्या चवदार आणि महाग माशांची आठवण भीमाकाठची जुनी मंडळी काढतात, त्याला हाही संदर्भ आहे. अर्थात, सारा दोष चिलापीच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. धरणे, बंधारे, वाळूउपसा आणि प्रदूषण यांनी नदी आधीच दुबळी केली होती. दुबळ्या नदीत परक्या माशाने बस्तान बसवले, असे म्हणणे अधिक योग्य.

व्हेनिसचे शिंपले आणि सतलजचा चंदेरा

असाच प्रकार इटलीतील व्हेनिसच्या खाडीत घडला. कोकणातील तिसऱ्यांच्या जातकुळीतील स्थानिक शिंपल्यांचे उत्पादन कमी पडते म्हणून १९८३ मध्ये तेथे पूर्व आशियातील 'मनिला' शिंपले आणण्यात आले. जपान, चीन, फिलिपाईन्सच्या किनाऱ्यांवरील हा शिंपला लवकर वाढतो. काही वर्षांतच तो पाळलेल्या जागांच्या बाहेर पसरला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथील उत्पादन वर्षाला सुमारे ४० हजार टनांपर्यंत गेले. मच्छीमारांच्या हाती पैसा खुळखुळू लागला. पण मूळचा स्थानिक शिंपला मागे पडला आणि यांत्रिक फावड्यांनी तळ खरवडल्याने खाडीचा गाळ ढवळून निघाला. पुढे उत्पादनही घसरले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या निळ्या खेकड्यांनी ईशान्य इटलीतील याच शिंपल्यांचा फडशा पाडायला सुरुवात केली, तेव्हा सरकारला मदत जाहीर करावी लागली. एका परक्यावर उभा राहिलेला व्यवसाय दुसऱ्या परक्याने अडचणीत आणला.

आपल्या देशातील उदाहरण हिमाचल प्रदेशातील आहे. सतलजवरील भाक्रा धरणाच्या गोविंदसागर जलाशयात १९७१ च्या पुरात जवळच्या मत्स्यबीज केंद्रातून चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प हा मूळचा चीनकडील मासा अपघाताने शिरला. थंड पाण्यात तो स्वतःहून वाढला आणि काही वर्षांत जलाशयातील मासेमारीचा मुख्य आधार बनला. एकूण उत्पादन वाढले, कटला मात्र कमी झाला. फायदा आणि तोटा एकाच जाळ्यात कसे येतात, हे येथे स्पष्ट दिसते.

देशी म्हणजे स्थानिक नव्हे

या विषयात एक गैरसमज नेहमी आढळतो. विदेशी मासा वाईट आणि देशी मासा चांगला, इतकी सोपी विभागणी येथे चालत नाही. कटला, रोहू, मृगळ हे प्रमुख कार्प मासे मूळचे उत्तरेतील गंगा, सिंधू, ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील आहेत. दक्षिणेकडील नद्यांत आणि धरणांत ते माणसाने सोडले. ज्याला आपण सायप्रिनस म्हणतो तो मासाही परदेशी आहे. त्याचे पहिले वाण १९३९ मध्ये निलगिरीत आले होते. गवत्या आणि चंदेरा १९५९ मध्ये आले. म्हणजे आपल्या ताटातील गोड्या पाण्याची बहुतेक मासळी पाहुणीच आहे. येथे विचारायला हवे ते एवढेच, की हा पाहुणा माणसाने बीज सोडणे थांबवल्यावर थांबतो, की स्वतःचा वंश वाढवत राहतो? रोहू, कटला हे धरणात बहुतांशी पहिल्या प्रकारात मोडतात, चिलापी दुसऱ्या.

मांगूरचा धडा

दुसऱ्या प्रकारातील सर्वांत धोकादायक नाव आफ्रिकन, अर्थात 'थाई' मांगूरचे आहे. बांगलादेशमार्गे १९९० च्या दशकात तो चोरट्या मार्गाने देशात शिरला. हवेतून श्वास घेण्याची क्षमता असल्याने तो अत्यंत घाण पाण्यातही जगतो, मीटरभराहून लांब वाढतो आणि इतर मासे फस्त करतो. कत्तलखान्यातील टाकाऊ मांसावर त्याचे पालन होत असल्याने आरोग्याचा प्रश्नही उभा राहिला. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली. तरीही उजनीच्या काठावर त्याची तळी उभी राहिली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कठोर भूमिका घेतल्यानंतर राज्यात ही तळी नष्ट करण्याच्या कारवाया झाल्या. कागदावरील बंदी आणि पाण्यातील वास्तव यांत किती अंतर असते, हे यावरून दिसते.

नियमांनी काय साधते, याचे बरे उदाहरणही आहे. प्रशांत महासागराच्या अमेरिकी किनाऱ्यावरील व्हॅनामी कोळंबीला भारतात २००९ मध्ये व्यापारी परवानगी मिळाली. मात्र तिची मातृकोळंबी रोगमुक्त असावी आणि चेन्नईतील विलगीकरण केंद्रातूनच देशात यावी, अशी अट घालण्यात आली. त्याच वर्षी तिलापियाच्या पालनासाठीही मार्गदर्शक तत्त्वे आली. केवळ नर किंवा वंध्य मासेच पाळावेत आणि पाण्याच्या निचऱ्यावर जाळ्या बसवाव्यात, हा त्यांचा गाभा आहे. सारे नर असतील तर वंश वाढत नाही आणि खाद्य वाढीसाठी खर्च होऊन मासाही मोठा होतो. शेतकऱ्याचा लाभ आणि नदीचे हित येथे एकत्र येतात.

पुढचा पाहुणा रोखता येईल?

भीमेतून चिलापी हटवणे आता शक्य नाही, हे मान्य करावे लागेल. उजनीतून आवर्तन सुटले की पाण्याबरोबर मासेही पंढरपूर, मंगळवेढा आणि त्याखालील बंधाऱ्यांपर्यंत येतात. ऑक्टोबर २०२० सारखा महापूर आला तर तळे, ओढा आणि नदी यांतील सीमाच पुसली जाते. शिवाय चिलापी हटवावी असे म्हणणेही सोपे नाही. बीज विकत न घेता मिळणारा हा मासा भोई समाजातील अनेक कुटुंबांच्या रोजच्या कमाईचा आधार आहे आणि गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिने तोच पोहोचवतो.

म्हणूनच भर पुढचा पाहुणा रोखण्यावर द्यावा लागेल. शेततळ्यासाठी बीज घेताना ते नोंदणीकृत केंद्रातून घेणे आणि जात विचारून घेणे, सांडव्याला बारीक जाळी बसवणे, पूररेषेत तळे न काढणे, ही कामे खर्चिक नाहीत. घरातील काचपेटीत वाढलेला मासा भूतदयेपोटी नदीत सोडण्याची शहरी सवयही थांबायला हवी. अंगावर कठीण चिलखत असलेला दक्षिण अमेरिकी सकर मासा उजनीत आढळला आहे, त्याचा उगम शोभेच्या माशांच्या व्यापारातच आहे. तो बाजारात विकला जात नाही आणि जाळी मात्र फाडतो. चिलापीने निदान पोट तरी भरले. भीमेत यानंतर जो मासा येईल, तो तेवढेही करेलच याची शाश्वती नाही.