लहान पिस्तुलांची तुलना: आकड्यांपलीकडे काय पाहावे?

घरफोडीची किंवा महामार्गावरील लुटीची बातमी आली की ‘आपल्याजवळही एखादे लहानसे पिस्तूल असावे का?’ हा प्रश्न घरोघरी निघतो. कुतूहलापोटी कोणी माहिती शोधू लागला, तर त्याच्यासमोर येते ती बहुधा अमेरिकी बाजारातील पॉलिमर सांगाड्याच्या, स्ट्रायकर पद्धतीच्या पिस्तुलांची तुलना. कोणते किती ग्रॅमचे, कोणात किती गोळ्या, कोणाची नळी किती लांब, अशी ती कोष्टके असतात. त्यांतील आकडे खरे असले, तरी त्यांचा अर्थ कळण्यासाठी यंत्रणा समजून घ्यावी लागते आणि आपल्या देशाचा कायदाही ठाऊक असावा लागतो.

सिमरोलच्या शेजारी घडलेले शस्त्र

इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिमरोल लागते. होळकरांच्या या परिसरातील हे गाव आज आयआयटी इंदूरच्या संकुलामुळे ओळखले जाते. ते ज्या महू तालुक्यात येते, त्या महूची ओळख दुहेरी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे हे जन्मस्थान. शिवाय येथे भारतीय सैन्याचे इन्फंट्री स्कूल आहे. १४ जानेवारी २०२१ रोजी संरक्षण मंत्रालयाने देशातील पहिल्या स्वदेशी ९ मिमी मशीन पिस्तुलाची घोषणा केली. इन्फंट्री स्कूल आणि पुण्यातील एआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा यांनी ते मिळून विकसित केले होते. संरचना लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांची. अवघ्या चार महिन्यांत हे काम पूर्ण झाले आणि शस्त्राला ‘अस्मी’ असे नाव देण्यात आले.

‘अस्मी’ हे खिशात बाळगण्याचे पिस्तूल नव्हे. ते स्वयंचलित आहे आणि रणगाड्यातील सैनिक, वाहनचालक, रेडिओ व रडार चालवणारे कर्मचारी, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचे सुरक्षारक्षक अशांसाठी त्याची कल्पना मांडली गेली. तरीही आपल्या विषयाशी त्याचा संबंध आहे. त्याचा वरचा भाग विमानांत वापरल्या जाणाऱ्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, तर खालचा भाग कार्बन फायबरचा आहे. चापाचे काही भाग धातूच्या त्रिमितीय छपाईने तयार केले गेले. एका नगाचा उत्पादनखर्च ५० हजार रुपयांच्या आत राहील, असे त्या वेळी सांगण्यात आले. जेथे दाब आणि उष्णता सोसायची तेथे धातू, जेथे केवळ आधार द्यायचा तेथे हलका पदार्थ, हा विचार यामागे आहे. पॉलिमर पिस्तुलांचा पायाही तोच.

घोडा गेला, स्ट्रायकर आला

जुन्या पद्धतीच्या पिस्तुलात मागे घोडा दिसतो. चाप ओढला की घोडा पुढे आपटतो, फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावर आदळते आणि गोळी सुटते. इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेले आणि भारतीय दलांनी अनेक दशके वापरलेले ९ मिमीचे ‘१ए’ पिस्तूल याच जातीचे. मूळ रचना १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरची. त्यात पहिल्या गोळीपूर्वी घोडा चढवावा लागतो आणि चढवलेला घोडा सुरक्षित ठेवण्यासाठी वेगळा खटका लावावा लागतो.

स्ट्रायकर पद्धतीत घोडा नसतो. स्लाइडच्या आत स्प्रिंगने ताणलेली एक जाड सुई असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. अनेक रचनांत ती आधीच अंशतः ताणलेली असते. चाप ओढल्यावर ताण पूर्ण होतो आणि ती सुटते. त्यामुळे पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत चापाचा जोर एकसारखा राहतो. बाहेर काही नसल्याने कपड्यात अडकत नाही. ही कल्पना नवी नाही. १९०८ च्या कोल्ट व्हेस्ट पॉकेट पिस्तुलातही स्ट्रायकरच होता.

पॉलिमरचा सांगाडाही ग्लॉकच्या आधी जर्मनीच्या हेक्लर अँड कोख कंपनीने १९७० मध्ये व्हीपी-७० या पिस्तुलात वापरला होता. परंतु दोन्हींचा यशस्वी मेळ घातला तो ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉक यांनी. बंदुका बनवण्याचा पूर्वानुभव नसलेल्या या उद्योजकाचे पिस्तूल १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारले. ‘प्लास्टिकचे पिस्तूल विमानतळावरील तपासणीत सापडणार नाही’ अशी भीती तेव्हा पसरली होती. ती निराधार होती, कारण नळी, स्लाइड आणि स्प्रिंगा पोलादाच्याच असतात.

कोष्टकातील चार रकाने

आता प्रत्यक्ष तुलना पाहू. रोज बाळगण्याच्या पिस्तुलांत मापदंड मानले जाते ते १९८८ चे ग्लॉक १९. नळी १०२ मिमी, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, रिकामे वजन सुमारे ६०० ग्रॅम. कपड्याखाली ते जाड वाटते, म्हणून पुढे बारीक पिस्तुले आली. स्मिथ अँड वेसनचे शील्ड (२०१२) सात किंवा आठ गोळ्यांचे, तर ग्लॉक ४३ (२०१५) सहा गोळ्यांचे. २०१८ मध्ये सिग साउअरच्या पी-३६५ ने हे गणित बदलले. दोन रांगांत रचलेल्या गोळ्या वर येता येता एका रांगेत आणणारे मॅगझिन बनवून जवळजवळ तेवढ्याच आकारात दहा गोळ्या बसवल्या. पाठोपाठ २०१९ मध्ये स्प्रिंगफील्डचे हेलकॅट अकरा गोळ्यांसह आले. या दोन्हींचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे.

पहिला रकाना वजनाचा. ते बहुधा रिकाम्या शस्त्राचे दिलेले असते. ९ मिमीचे एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचे. पंधरा काडतुसे म्हणजे १८० ग्रॅमची भर. शिवाय हलके पिस्तूल हाताला अधिक झटका देते. पोलादी पिस्तुलाचे वजन हा झटका गिळते. अर्ध्या किलोचे पिस्तूल तो मनगटाकडे पाठवते. बाळगायला सोपे ते चालवायला अवघड, हा या वर्गाचा मूलभूत व्यवहार आहे.

दुसरा रकाना मापांचा. लहान नळीमुळे गोळीचा वेग थोडा घटतो, हे खरे. पण अधिक फरक पडतो तो मुठीमुळे. मूठ आखूड असली की करंगळीला आधार मिळत नाही आणि दुसरी गोळी पहिल्याच्या जवळ लागणे कठीण होते.

तिसरा रकाना गोळ्यांच्या संख्येचा. तो सर्वांत आकर्षक आणि सर्वांत फसवा. सराव नसलेल्या हाताला अकरावी गोळी पहिल्यापेक्षा अधिक अचूक होत नाही आणि चुकलेली प्रत्येक गोळी कोठेतरी जाऊन लागतेच.

चौथा रकाना सुरक्षेचा. ग्लॉकमध्ये हाताने लावायचा खटका नसतो. चापात बसवलेली पट्टी, फायरिंग पिन अडवणारा अडसर आणि पडल्यावर गोळी सुटू न देणारी रचना अशा तीन आंतरिक सोयी असतात. बोट चापावर येताच त्या क्रमाने दूर होतात. शील्ड आणि पी-३६५ यांच्या काही आवृत्त्यांत अंगठ्याने लावायचा खटकाही मिळतो. खटका असेल तर घाईच्या क्षणी तो काढायला विसरण्याची शक्यता राहते. तो नसेल, तर चापात अडकलेली शर्टाची कडही बोटाचे काम करू शकते. म्हणूनच अशा पिस्तुलासाठी चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर हा पर्याय नसून गरज आहे. नुसते खिशात किंवा पर्समध्ये टाकलेले स्ट्रायकर पिस्तूल हा अपघाताला दिलेला उघड परवानाच आहे.

नामांकित कंपनीचे नाव ही सुरक्षेची हमी नव्हे, हेही अनुभवाने दाखवले आहे. सिग साउअरच्या पी-३२० ची एक आवृत्ती जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने निवडली. त्याच वर्षी नागरी आवृत्ती विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटू शकते, असे चाचण्यांत दिसले आणि ऑगस्टमध्ये कंपनीला ऐच्छिक सुधारणा जाहीर करावी लागली.

गोव्यातील वाचकासाठी कायदा काय सांगतो?

वर आलेली सर्व आधुनिक पिस्तुले ९ मिमीची आहेत आणि भारतात ९ मिमी हा ‘प्रतिबंधित बोअर’ आहे. केंद्र सरकारच्या विशेष परवानगीशिवाय नागरिकाला असे पिस्तूल बाळगता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगण्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल चौदा वर्षे कारावासाची आहे. खासगी आयातीवरही १९८० च्या दशकापासून निर्बंध आहेत. परदेशी कोष्टक वाचून ‘कोठूनतरी’ तसे पिस्तूल मिळवणारा स्वसंरक्षणाकडे नव्हे, तुरुंगाच्या वाटेला लागलेला असतो.

सामान्य परवानाधारकापुढील व्यवहार्य पर्याय मुख्यतः .३२ बोअरचे. आयुध निर्माणींचे सहा गोळ्यांचे .३२ रिव्हॉल्व्हर हे ब्रिटिश वेब्ली रचनेवर बेतलेले आहे. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणले. किंमत होती सुमारे १ लाख २२ हजार रुपये. म्हणजे पी-३६५ एवढेच वजन, गोळ्या सहा आणि काडतूस ९ मिमीपेक्षा बरेच दुर्बळ. त्याऐवजी रिव्हॉल्व्हरचा लांब आणि जड चाप नकळत ओढला जाण्याची शक्यता कमी असते. ज्याला रोजचा सराव शक्य नाही, त्याच्यासाठी हा दोष नसून गुण ठरू शकतो.

परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, पोलीस अहवालानंतर. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. पूर्वी एका परवानाधारकाला तीन शस्त्रे ठेवता येत. २०१९ पासून मर्यादा दोन झाली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. समारंभात बेफिकिरीने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे. गोव्यात सत्तरी-सांगेसारख्या भागांत रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत. निवडणूक आली की शस्त्र जमा करण्याचा आदेश त्यांच्या परिचयाचा आहे. शस्त्र हे आपल्या कायद्यात वस्तूसारखे मालकीचे नसते. अटींवर सोपवलेले असते.

खरा प्रश्न

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क मान्य आहे. परंतु आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा तो देत नाही. प्रत्येक गोळीचा हिशेब नंतर न्यायालयात द्यावा लागतो. सुरक्षारक्षक किंवा पोलीस यांच्यासाठी पॉलिमर पिस्तुलांची तुलना कामाची आहे, कारण त्यांच्यामागे प्रशिक्षण, नियमित सराव आणि शस्त्रागाराची शिस्त असते. नागरिकाने तुलना करायची तर आधी स्वतःची करावी. वर्षातून किती दिवस सराव होईल? घरात मुलांच्या हाती न लागेल असे कुलूपबंद लोखंडी कपाट आहे का? काडतुसे वेगळी ठेवली जातील का? रागाच्या किंवा नैराश्याच्या क्षणी घरातील कोणाचा हात तेथवर पोहोचणार नाही, याची खात्री आहे का?

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर चांगले कुलूप, दारावरचा दिवा, शेजाऱ्यांशी सलोखा आणि ११२ हा क्रमांक ही अधिक भरवशाची साधने आहेत. उत्तरे समाधानकारक असतील, तर वजन, नळी आणि मॅगझिन यांचे रकाने अवश्य पाहावेत. मात्र ते सर्वांत शेवटी.