बोटावरचे गळू आणि गल्ल्यावरचा भार

कारखान्याच्या वहीत सूत, कातडे, वीजबिल, भाडे, हमाली सारे लिहिलेले असते. एक खर्च मात्र कोठेच लिहिलेला नसतो. कारागिराच्या बोटात सुई घुसते, कातडे कापताना रापी लागते, दोन दिवसांत बोट सुजते, पू धरतो आणि चांगल्या हाताचा माणूस आठवडाभर घरी बसतो. "आजारी होता", एवढे बोलून आपण विषय संपवतो. व्यापाराच्या पानावर आजाराची चर्चा कशाला, असे काही वाचक विचारतील. ज्यांची रोटी हातावर चालते त्यांच्यासाठी ही व्यापाराचीच बाब आहे, असे आमचे मत आहे.

गळू, केसतूड, चिघळलेली जखम यांच्यामागे पुष्कळदा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू असतो. डॉक्टर मंडळी त्याला नुसते 'स्टॅफ' म्हणतात. १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांना पुवामध्ये द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे जंतू आढळले, त्यावरून हे नाव पडले. धडधाकट माणसांपैकीही सुमारे तिघांत एकाच्या नाकात याचा मुक्काम असतो आणि त्याला काही त्रास होत नाही. कातडी फाटली की तो आत शिरतो. बहुतेक वेळा प्रकरण गळवावरच मिटते. पण रक्तात उतरला तर हृदयाच्या झडपा, हाडे, फुप्फुसे, कोठेही ठाण मांडतो. मधुमेही, डायलिसिसवरचे रोगी, नुकतेच ऑपरेशन झालेले, शिरेत नळी असलेले यांना धोका जास्त. २०१९ साली या एका जंतूच्या संसर्गाशी निगडित मृत्यू जगभरात दहा लाखांवर होते, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ मध्ये छापला.

औषधे नाहीत असे नाही, पण हा जंतू औषधांना सरावतो. पेनिसिलिन आले, ते काही वर्षांतच निकामी होऊ लागले. १९५९ मध्ये मेथिसिलिन आले, तर १९६१ मध्येच त्याला दाद न देणारा स्टॅफ इंग्लंडात सापडला. हाच एमआरएसए. पुढे बरीच वर्षे तो इस्पितळांचा रोग समजला गेला. १९९७ ते १९९९ या काळात अमेरिकेतील मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटा राज्यांत चार मुले त्याने दगावली. त्यांचा इस्पितळाशी नेहमीचा काही संबंध नव्हता. जंतू वस्तीत आला होता. आपल्या देशात २००८-०९ मध्ये १५ मोठ्या केंद्रांतील नमुने तपासले तेव्हा स्टॅफपैकी सुमारे ४१ टक्के एमआरएसए निघाले. अशा रोग्याला नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत. रोग गंभीर असेल तर वॅन्कोमायसिनसारखे औषध शिरेतून, तेही अनेक दिवस द्यावे लागते. खाटेचे भाडे, तपासण्या, सोबत बसणाऱ्या भावाचा बुडालेला रोज, हे सारे धरा. छोट्या कारखानदाराचे भांडवल यातच संपते.

मग उपाय नाही काय? इंग्लंडने येथे व्यापाऱ्याचीच युक्ती केली: वही ठेवली. २००१ पासून सरकारी इस्पितळांना रक्तातील एमआरएसएच्या प्रत्येक प्रकरणाची नोंद सक्तीची झाली. २००३-०४ मध्ये ही संख्या साडेसात हजारांवर होती. २००४ मध्ये सरकारने ती २००८ पर्यंत निम्मी करण्याचे लक्ष्य ठेवले, खाटेजवळ हात स्वच्छ करण्याचे द्रावण आणले, नळ्यांची निगा कडक केली. लक्ष्य पुरे झाले, आणि आणखी काही वर्षांत आकडा एक हजाराच्या आत आला. नवे औषध सापडले म्हणून हे घडले नाही.

आपल्या कारखान्यात यातले काय करता येईल? साबण आणि वाहते पाणी, स्वच्छ पट्ट्यांची डबी, ज्याचा त्याचा रुमाल. केशकर्तनालयवाल्या बंधूंनी दर गिऱ्हाइकाला नवे पाते लावावे. गळू दाबून फोडू नये, त्यातला पू डॉक्टरकडूनच काढून घ्यावा. ताप आला, लाली वर चढू लागली, तर त्या दिवशीच इस्पितळ गाठावे.

पण खरी अडचण डबीची नाही, मजुरीची आहे. नगावर काम करणारा कारागीर बोट दुखते असे सांगतच नाही. सांगितले तर दिवस बुडतो. तो चिंधी गुंडाळून काम करतो, शेजाऱ्याच्याच रुमालाला हात पुसतो, आणि आठ दिवसांनी दोघे घरी बसतात. जखमेच्या दोन दिवसांची अर्धी मजुरी देणारा मालक आम्हांस तरी तोट्यात वाटत नाही.

औषध दुकानदार बंधूंना एक गोष्ट कडू लागेल. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मधील औषधांची विक्री डॉक्टरच्या व रोग्याच्या नावासह वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. गिऱ्हाईक "दोनच गोळ्या द्या" म्हणते तेव्हा नाही म्हणणे धंद्याला जड जाते, हे आम्ही जाणतो. परंतु अर्धवट आणि विनाकारण घेतलेल्या गोळ्यांतूनच औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जातात.

घरात कोणाचे ऑपरेशन ठरले असेल तर खर्चाचा आकडा विचारतानाच आणखी एक विचारा: ऑपरेशननंतर जखमा किती जणांच्या चिघळतात, याची नोंद इस्पितळ ठेवते काय?