कोंबडी हातात धरताना

मैत्रिणींनो, पहिल्यांदाच कोंबड्या पाळल्या की चोचीची नि फडफडीची भीती वाटतेच. पण धरताच आली नाही, तर मानमोडीची लस कशी देणार? पिल्लू ५ ते ७ दिवसांचं झालं की लासोटाचा थेंब डोळ्यात टाकायचा असतो.

आम्ही म्हणतो, दिवसा मागे धावूच नका. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, खुराड्यात ती गप्प बसते. तेव्हा दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून उचला, काखेत घ्या. छाती आवळू नका. ती हलली नाही तर तिला श्वासच घेता येत नाही. पाय धरून उलटी टांगणं बाजारातच राहू द्या! रोज हातावर कण्या दिल्यात, तर हळूहळू आपणहून जवळ येईल. आणि धरलीच आहे, तर पिसांखाली उवा आहेत का, तेही बघून घ्या.