एकरी किती पडला? मक्याच्या हिशेबातले चार गैरसमज

मक्याची मळणी उरकली की बांधावर पहिला प्रश्न ठरलेला: "एकरी किती पडला?" त्या एका आकड्यावर कुणी हुशार ठरतो, कुणी आळशी. अल्पभूधारकावर यात मोठा अन्याय होतो.

गैरसमज 1: उतारा जास्त, तो शेतकरी अधिक कार्यक्षम.
वस्तुस्थिती: एम. जे. फॅरेल या अर्थशास्त्रज्ञाने 1957 मध्ये मांडलेली कसोटी वेगळी आहे. हाताशी असलेली जमीन, पाणी, खत आणि मजुरी यांत जास्तीत जास्त किती पिकले असते आणि प्रत्यक्षात किती पिकले, हे ती पाहते. समजा, मुरमाड कोरडवाहू रानात 18 क्विंटल शक्य होते आणि 15 निघाले, तर कार्यक्षमता सुमारे 83 टक्के. बागायतीत 32 शक्य असताना 24 निघाले, तर 75 टक्के. उतारा बागायतदाराचा मोठा, पण साधनांचा वापर कोरडवाहूवाल्याचा सरस.

गैरसमज 2: राहिलेली तूट म्हणजे शेतकऱ्याचा हलगर्जीपणा.
वस्तुस्थिती: तुरा येण्याच्या वेळी पावसाने ओढ दिली की कणसात दाणे भरत नाहीत. 2018 पासून आपल्याकडे अमेरिकन लष्करी अळी पोंगाच कुरतडते आहे. अशी दैवाची तूट आणि व्यवस्थापनातली तूट वेगळी काढण्याची संख्याशास्त्रीय पद्धत 1977 मध्ये मांडली गेली. व्यवस्थापनातल्या तुटीलाही कारणे असतात: युरिया उशिरा मिळाला, पीककर्ज वेळेत हाती आले नाही, सल्ला द्यायला कुणी फिरकले नाही.

गैरसमज 3: तुकड्याची शेती अकार्यक्षमच.
वस्तुस्थिती: भारतातल्या शेती-पाहण्यांच्या आकड्यांवरून अमर्त्य सेन यांनी 1962 मध्ये दाखवले की, लहान शेतांत एकरी उत्पादन अनेकदा मोठ्या शेतांपेक्षा जास्त असते. घरचीच माणसे राबतात, निंदणी चुकत नाही. थिओडोर शुल्ट्झ यांनी 1964 मध्ये उत्तर प्रदेशातल्या सेनापूर गावाचा दाखला देऊन म्हटले की, हा शेतकरी गरीब आहे, पण आहे ती साधने तो नेटकी वापरतो. त्याची गरिबी हटवायची तर चांगले बियाणे, पाणी आणि ज्ञान त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

गैरसमज 4: पोती मोजली, एकरांनी भागली, झाली मोजणी.
वस्तुस्थिती: चूक बहुधा इथेच होते. "एक एकर" म्हणून सांगितलेले रान मोजल्यावर 36 गुंठे भरते. त्यातून 18 क्विंटल निघाले असतील, तर खरा उतारा एकरी 20. ओलाव्याचेही तसेच. 24 टक्के ओलीचा 20 क्विंटल मका 14 टक्क्यांपर्यंत वाळवला की सुमारे 17.7 क्विंटल भरतो. एकाने ओला मका मोजला, दुसऱ्याने वाळवून, तर तुलनाच खोटी. शिवाय ओळींत घेतलेला उडीद, गुरांनी खाल्लेला कडबा आणि घरच्या बाईने केलेली खुरपणी हिशेबातून सुटते. उत्पन्नातले काही सुटले की कष्टाळू घरही कागदावर मागे पडते; घरची मेहनत सुटली की आकडा उगाच फुगतो.

म्हणून पुढच्या वेळी "किती पडला?" विचारताना जोडीला आणखी तीन गोष्टी विचारा: किती गुंठ्यांत, किती ओलीचा आणि कशाच्या जोरावर?