घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे



“काय गाढ झोपलेत बघा, कसे घोरतायत!” असे आपण कौतुकाने म्हणतो. तोच माणूस सकाळी जड डोक्याने उठतो, बोरिवलीला गाडीत बसला की अंधेरीच्या आत डुलक्या घेतो आणि रविवारी उपदेश सुरू होताच त्याची मान खाली जाते. आपण त्याला आळशी ठरवतो. पण पुष्कळदा दोष त्याच्या घशात असतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचे इतके सैल पडतात की जीभ मागे सरकून श्वासाची वाट बंद होते. छाती-पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. हा खंड दहा सेकंद वा अधिक टिकला की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस आचका देऊन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. म्हणून खरा साक्षीदार शेजारी झोपणारा असतो.

मुंबईतच डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या साडेसहाशेहून अधिक पुरुषांची पाहणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार झोपेत श्वास अडण्याचा त्रास सुमारे १९.५ टक्के, तर दिवसा झोप येण्यासह पूर्ण आजार सुमारे ७.५ टक्के पुरुषांत होता. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ साली जुहूच्या रुग्णालयात वारले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत हाच आजार होता.

लठ्ठपणा, जाड मान, मद्यपान यांनी धोका वाढतो. पण लहान जबड्याच्या सडपातळ माणसालाही हा आजार होतो. स्त्रियांमध्ये तो नुसता थकवा किंवा निद्रानाश म्हणून लपतो. औषधांनी न उतरणारा रक्तदाब, रात्री वारंवार लघवीला उठणे, सकाळी कोरडे तोंड, ही चिन्हेही लक्षात ठेवा.

निदानासाठी फुप्फुसांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. ते झोपेची तपासणी सुचवतात. रात्रभर अंगाला तारा लावून श्वास, ऑक्सिजन, हृदयाचे ठोके व मेंदूच्या लहरी नोंदवतात. काहींना घरीच लहान यंत्राने तपासता येते. प्रौढांत तासाला सरासरी ५ ते १५ वेळा श्वास अडला तर आजार सौम्य, १५ ते ३० वेळा मध्यम आणि त्याहून अधिक तर तीव्र मानतात.

सौम्य आजारात वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, दारू व मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या सोडणे याने फरक पडतो. काहींना जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी बसवतात. मध्यम व तीव्र आजारात मुख्य उपाय म्हणजे सीपॅप. हे यंत्र ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे आणले. ते ऑक्सिजन देत नाही. मुखवट्यातून हवेचा हलका दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवते. सुरुवातीला मुखवटा नकोसा वाटतो. तो नीट बसवून घ्यावा, पण कपाटात ठेवू नये. यंत्राची किंमत हजारोंच्या घरात असल्याने आधी काही दिवस वापरून पाहावे, मगच विकत घ्यावे.

आपल्या कामाशी याचा जवळचा संबंध आहे. पाड्यांवर जाण्यासाठी पहाटे जीप काढणाऱ्या चालकाला सुकाणूवर डुलकी लागली, तर गाडीतल्या सर्वांचा जीव धोक्यात येतो. वसतिगृहातले मूल तोंड उघडे टाकून घोरते आणि वर्गात पेंगते किंवा चिडचिड करते. त्याला छडी नको, डॉक्टर दाखवा. मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल व ॲडिनॉइड हे मोठे कारण असते, आणि ते काढल्यावर बहुतेकांना आराम पडतो.

आज रात्री घरातले कोणी घोरत असेल, तर हसून कूस बदलू नका. पाच मिनिटे ऐका. घोरणे मध्येच थांबून पुढे आचका येतो का, ते पाहा. मोबाईलवर टिपून ठेवा आणि तेच डॉक्टरांना दाखवा.