पन्नास तबकड्यांची वाट

1997 साली मेलबर्नच्या ‘एक्स्ट्रीम’ या छोट्या ध्वनिमुद्रण कंपनीने एक सीडी काढली. ती पूर्ण कलाकृती नव्हती, नुसता नमुना होता. टोकियोच्या मासामी आकिता यांनी ‘मर्झबो’ या नावाने 1979 पासून केलेल्या कामातले काही तुकडे त्यात होते, आणि सोबत एक आश्वासन होतं, की याच कामाची पन्नास सीडींची ‘मर्झबॉक्स’ नावाची पेटी येणार आहे. त्यानंतर वाट पाहणं सुरू झालं. पेटी हाती पडली ती 2000 साली. काळ्या रबराचं आवरण, आत पन्नास तबकड्या, एक जाड पुस्तक, संगणकावर पाहायची एक सीडी-रॉम, टी-शर्ट, पदक, पोस्टर, पोस्टकार्डं. प्रती एक हजार, प्रत्येकीवर क्रमांक. तीस तबकड्या पूर्वी निघून दुर्मीळ झालेल्या कामाच्या, आणि वीस तबकड्यांवर तोवर कधीच न निघालेलं काम. सगळं सलग ऐकायचं तर दोन दिवस आणि दोन रात्री खर्ची पडतात.

या पेटीत बहुतेक ठिकाणी सूर नाही, ताल नाही, शब्द तर जवळजवळ नाहीतच. जे आहे त्याला घरातलं कुणीही पहिल्या मिनिटाला ‘बंद कर ते’ म्हणेल. तरीही जगभरातल्या माणसांनी तिच्यासाठी पैसे साठवले आणि तीन वर्षं कळ काढली. जपानी नॉइज या संगीतप्रकाराच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची पेटी जाहीर झाली की आजही तेच होतं. ही माणसं नेमकी कशाची वाट पाहत असतात? विक्षिप्तपणा म्हणून हा प्रश्न झटकून टाकणं सोपं आहे. मला तो गंभीर वाटतो.

आकिता यांचा जन्म 1956 सालचा, टोकियोतला. तरुणपणी ते रॉक वाद्यवृंदात ड्रम वाजवत. तामागावा विद्यापीठात चित्रकला आणि कलासिद्धान्त शिकले. ‘मर्झबो’ हे नाव त्यांनी घेतलं ते जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स यांच्याकडून. श्विटर्स रस्त्यावरची तिकिटं, चिठ्ठ्या, लाकडाचे तुकडे, फेकलेला माल चिकटवून चित्रं करत. हानोव्हरमधल्या आपल्या घरात खोल्याच्या खोल्या व्यापत गेलेलं एक शिल्प त्यांनी वर्षानुवर्षं वाढवत नेलं, त्याचं नाव मर्झबाउ. 1943 च्या बॉम्बहल्ल्यात ते घरासकट नष्ट झालं. आकितांनी हीच रीत आवाजाला लावली. संगीताच्या कारखान्यातून जे काढून टाकतात, म्हणजे टेपची खरखर, वायरीची गुणगुण, माइकची शिट्टी, ते सगळं त्यांनी गोळा केलं. स्वतःच ‘लोएस्ट म्यूझिक अँड आर्ट्स’ नावाचं लेबल काढलं, घरी कॅसेटी भरल्या, झेरॉक्स केलेली मुखपृष्ठं लावली आणि टपालाने देशोदेशी पाठवल्या.

हा आवाज तयार कसा होतो, ते समजून घेतल्याशिवाय त्याच्या चाहत्यांची ओढ समजत नाही. सभेत माइक लाउडस्पीकरसमोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी निघते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये जातो, वाढून परत स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये जातो. ध्वनियोजना करणारा माणूस धावत जाऊन ती बंद करतो. नॉइज कलावंत तिथेच थांबतो आणि त्या फेऱ्यात हात घालतो. मिक्सरमधून बाहेर पडणारी वायर पुन्हा मिक्सरच्याच तोंडात खुपसायची, मध्ये गिटारवादक आवाज फाडायला वापरतात ती चार-सहा डिस्टॉर्शन पेडल्स जोडायची. पत्र्याच्या तुकड्याला किंवा ताणलेल्या स्प्रिंगला नाण्याएवढा कॉन्टॅक्ट माइक चिकटवायचा आणि त्यावर घासायचं, खरवडायचं, आपटायचं. एका बटणाचा किंचितसा फेर पुरतो, सगळी साखळी बिथरते आणि आधी नसलेला आवाज उसळून येतो. त्यावर पूर्ण ताबा कुणाचाच नसतो. वाजवणारा जेवढं करतो, तेवढंच ऐकतो आणि पुढची चाल त्या ऐकण्यावर ठरवतो. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रण एकदाच घडतं. लिहून ठेवता येईल अशी बंदिश नाही, दुसऱ्याने वाजवावी अशी स्वरलिपी नाही. टेप हरवली तर ते काम जगात उरत नाही.

टोकियोबाहेर, क्योतो-ओसाकाच्या भागात याच काळात वेगळंच काही शिजत होतं. क्योतोमध्ये ‘ड्रगस्टोअर’ नावाचं एक ठिकाण होतं. तरुण मुलं तिथे जमून अनवट परदेशी रेकॉर्डी मोठ्याने ऐकत. त्याच वर्तुळातून 1979 मध्ये ‘हिजोकाइदान’ हा गट उभा राहिला. जोजो हिरोशिगे हे त्याचे म्होरके. सुरुवातीच्या कार्यक्रमांत मंचावर मासळीची आतडी फेकण्यापर्यंत मजल गेली होती. हिरोशिगेंनी 1984 मध्ये ओसाकात ‘अल्केमी रेकॉर्ड्स’ सुरू केली आणि या आवाजाला घर मिळालं. हिजोकाइदानमधलेच तोशिजी मिकावा 1981 पासून ‘इनकॅपॅसिटंट्स’ या नावाने वेगळं काम करत होते. पुढे फुमिओ कोसाकाई त्यांना येऊन मिळाले. मिकावा दिवसा बँकेत नोकरी करत, कोसाकाई सरकारी कचेरीत. सदरा घामाने चिंब होईपर्यंत हे दोघे टेबलावरच्या पेडलांशी झुंजतात, ते ज्याने पाहिलं त्याला या संगीतात आनंद कुठे आहे हे विचारावं लागत नाही.

आणि यामांताका आय यांचा गट हानातारशी. 4 ऑगस्ट 1985 रोजी टोकियोच्या ‘सुपरलॉफ्ट’ या जागेत प्रेक्षकांकडून आधीच लिहून घेतलं गेलं, की इजा झाली तर आम्ही दाद मागणार नाही. मग आय खोदकामाचं यंत्र चालवत आत शिरले आणि त्यांनी जागेची मोडतोड केली. त्या दिवसाचे फोटो आज जगभर माहीत आहेत. पण त्या दिवसाची पेटी निघू शकत नाही. ध्वनिफितीवर भिंत पडल्याचा आवाज येईल, भिंत पडताना उभ्या असलेल्या माणसाची भीती येणार नाही. पेटीत काय मावत नाही, याची खूण म्हणून मी त्या फोटोंकडे पाहतो.

कॅसेटींचा प्रवास हा या कथेतला सगळ्यात लोभस भाग आहे. ऐंशीच्या दशकात हे काम दुकानात मिळत नव्हतं. जपानमधला माणूस आपली कॅसेट अमेरिकेतल्या अनोळखी माणसाला पाठवी, तो उलट टपाली आपली पाठवी. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल शहरातलं ‘आरआररेकॉर्ड्स’ हे दुकान-कम-लेबल या देवघेवीचा मोठा अड्डा बनलं. पन्नास-शंभर प्रतींच्या कॅसेटीची प्रत, तिच्या प्रतीची प्रत, असा हा प्रसार. डेव्हिड नोव्हाक या अभ्यासकाने 2013 च्या ‘जपानॉइज’ या पुस्तकात दाखवून दिलं आहे, की हा संगीतप्रकार जपानमध्ये जन्मून बाहेर गेला असं सरळ नाही. तो या येण्याजाण्यातच घडला. परदेशातल्या चाहत्यांनी ‘जपानी नॉइज’ असं एकच नाव दिलं, आणि एकमेकांना फारसं न ओळखणारे जपानी कलावंत त्या नावाखाली एकत्र आले. खाजगी मैफलींच्या कॅसेटी जपणाऱ्या आपल्याकडच्या रसिकांना ही भूक ओळखीची वाटेल. कुठल्या बुवांनी कोणत्या सालच्या गणेशोत्सवात कुठला राग गायला, आणि त्याची मूळ टेप कुणाच्या कपाटात आहे, यावर त्यांचे तास जातात. नॉइजच्या चाहत्यांचेही तसेच जातात. पेटी जाहीर झाली की त्यांचे पहिले प्रश्न असे: मूळ टेपवरून घेतलंय की कुणाच्या प्रतीवरून? तारीख दिली आहे का? सोबत कोण वाजवत होतं?

आता मूळ टेपपाशी जाऊ, कारण खरी कसोटी तिथे लागते. कॅसेटची फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या संथ गतीने सरकते. तेवढ्याशा पट्टीत दोन्ही बाजूंचा स्टिरिओ आवाज कोंबलेला. चाळीस वर्षांत फितीवरचा चुंबकीय थर झिजतो. गुंडाळलेल्या फितीत एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा, म्हणजे फितीवर आवाज भरणाऱ्या-वाचणाऱ्या भागाचा, कोन आणि ज्यावर वाजवतो त्याच्या हेडचा कोन जुळला नाही तर वरचे तीव्र स्वर दबतात. शास्त्रीय गायनाच्या जुन्या फितीवर काम करणारा तंत्रज्ञ गाणं सुरू होण्याआधीची दोन सेकंदांची शांतता पकडतो. त्या शांततेत जी खरखर आहे तिचा ठसा घेतो आणि तोच पूर्ण ध्वनिमुद्रणातून वजा करतो. नॉइजच्या फितीवर हे करून बघा. शांतता मुळात नाहीच. आणि खरखर वजा केली तर ती फितीची गेली की कलावंताची, हे यंत्राला सांगता येत नाही. झेरॉक्स मुखपृष्ठाच्या या कॅसेटी हलक्या प्रतीच्या यंत्रांवर भरल्या गेल्या, आणि कलावंताने त्या यंत्राची घाण आपल्या रंगात मिसळून घेतली होती. तेव्हा ती पुसणं म्हणजे चित्रच पुसणं. इथे जाणकार तंत्रज्ञ हेडचा कोन स्क्रूने हळूहळू फिरवत, कानाने तपासत, सगळ्यात जास्त तीव्र स्वर निघतील त्या बिंदूवर आणतो, आणि मग हात आखडता घेतो. त्याचं कौशल्य त्याने काय केलं नाही यावरून मोजायचं.

संगणकसुद्धा या आवाजापुढे हात टेकतो. आवाजाची फाइल गुणवत्ता न घालवता लहान करणाऱ्या पद्धती एका तत्त्वावर चालतात: मागच्या क्षणांवरून पुढचा क्षण ओळखायचा आणि अंदाज चुकला तेवढीच दुरुस्ती नोंदवायची. सतारीच्या ध्वनिमुद्रणात अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो, फाइल जवळपास अर्ध्यावर येते. मर्झबोच्या ‘पल्स डीमन’सारख्या 1996 च्या अल्बमात अंदाज क्षणोक्षणी फसतो आणि फाइल जेमतेमच लहान होते. ज्याला आपण अर्थहीन गोंगाट म्हणतो, तो माहितीच्या हिशोबात सगळ्यात भरगच्च निघतो. मला हा या संगीताच्या बाजूचा सबळ पुरावा वाटतो.

मर्झबॉक्सने एक वाट पाडली. अमेरिकेतल्या ‘नो फन’ या लेबलने 2007 मध्ये ‘सी.सी.सी.सी.’चं सुरुवातीचं काम चार सीडींत आणलं. हिरोशी हासेगावा आणि मायुको हिनो यांचा हा गट, आणि कोसाकाई त्यातही होते. नॉर्वेचे कलावंत लासे मारहाउग यांच्या ‘पिका डिस्क’ने 2009 मध्ये इनकॅपॅसिटंट्सच्या जुन्या कॅसेटींची दहा सीडींची ‘बॉक्स इज स्टुपिड’ ही पेटी काढली. मला स्वतःला हीच पेटी ऐकायला सगळ्यात उत्तम वाटते. दहा तबकड्यांत एका गटाची वाढ कानांनी मोजता येते, आणि ती एका महिन्यात ऐकून होते. मर्झबॉक्स हा दस्तावेज म्हणून मोठा, पण पन्नास तबकड्या नेटाने ऐकणारे थोडे आणि फळीवर मिरवणारे पुष्कळ, ही त्याची खरी अडचण. एक हजार प्रती आणि प्रत्येकीवरचा क्रमांक यांनी पेटी संपताक्षणी दुर्मीळ केली. टपालाने, फुकट देवघेवीने वाढलेल्या संगीताला ही दुर्मीळता शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आकितांच्या ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटींची वेष्टनं अश्लील मासिकांच्या कात्रणांनी मढवलेली असत. 1984 ची ‘पॉर्नॉइज/1 किलो’ ही मालिका त्यातली सर्वात प्रसिद्ध. फेकून दिलेल्या कागदाचं कोलाज, असं तिचं कलात्मक समर्थन दिलं जातं. श्विटर्सशी असलेला धागा मला दिसतो, पण त्या कात्रणांमधल्या स्त्रिया केवळ कच्चा माल झाल्या, हेही दिसतं. पेटी काढणाऱ्यांनी हे झाकू नये आणि मिरवूही नये, तारखेसकट समोर ठेवावं. पुढे आकिता मांसाहार सोडून प्राण्यांच्या हक्कांकडे वळले. 2006 मध्ये जपानच्या देवमासे शिकारीविरुद्ध ‘ब्लडी सी’ काढलं. 2009 पासून तेरा महिने दरमहा एक, अशा जपानी पक्ष्यांवरच्या तेरा सीडी काढल्या. माणूस बदलला हे कळायलाही आधीचं आणि नंतरचं दोन्ही जपलेलं असावं लागतं.

चाहते वाट पाहतात ती मला यासाठीच रास्त वाटते. मोठ्या आवाजाचा त्यांना तोटा नाही, तो हल्ली कुठेही मिळतो. त्यांना हवा असतो क्रम. हे 1980 चं, हे त्यानंतरचं. इथे पेडल आलं, इथे सिंथेसायझर आला, इथे आकितांचा जुना मित्र कियोशी मिझुतानी सोबत होता, इथे तो नाही. लिहिलेली एकही ओळ नसलेल्या संगीताचा इतिहास फक्त तारीख लावलेल्या टेपमधूनच मिळतो.

वाचकांपैकी कुणाला हे ऐकावंसं वाटलं, तर पेटीपासून सुरुवात करू नका. इनकॅपॅसिटंट्सचं 1995 चं ‘अ‍ॅज लाउड अ‍ॅज पॉसिबल’ मिळवा. नाव काहीही सांगो, आवाज मध्यम ठेवा, हेडफोनऐवजी स्पीकरवर लावा आणि पहिल्या दिवशी दहा मिनिटांवर थांबा. कान दुखले तर लगेच बंद करा, कारण कानाच्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच दहा मिनिटं पुन्हा ऐका. या वेळी एकच आवाज निवडा, तळाशी घोंगावणारा किंवा वर किंचाळणारा, आणि तो कुठे जातो याच्याच मागे राहा. मग पेटी मागवायची की नाही, हे तुमचं तुम्हीच ठरवाल.