जुना पॉवर टिलर घेताय? आधी थंड इंजिनाला हात लावा



या अंकात बचत किंवा कर्जाऐवजी मी इंजिनाबद्दल लिहिणार आहे. मी समाजकार्य शिकले. पिस्टन आणि रिंगा कशाशी खातात हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. ते माहीत नसल्यामुळे आपल्याच एका गटाचं नुकसान झालं, आणि त्यात माझाही वाटा आहे. म्हणून हे लिहिते.

भाताच्या भागातला हा १२ जणींचा गट. गावात बैल कमी झालेत, आणि चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टरवाल्याच्या दारात उभं राहावं लागतं. आपला टिलर असला तर आपली खाचरं वेळेत होतील आणि भाड्याचे पैसेही येतील, असं गटात ठरलं. शेजारच्या गावात एक जुना टिलर विकायला होता. मागणी ६५ हजारांची होती, सौदा ५२ हजारांना झाला. थोडे पैसे गटाच्या बचतीतले, बाकीचे ग्रामसंघाचं कर्ज. मीही सोबत गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा टिलर चालूच होता. आवाज चांगला वाटला, रंग नवा होता. मीच म्हटलं, "घ्या ताई, चांगला आहे."

नवव्या दिवशी सकाळी तो चालूच होईना. हँडल मारून मारून दोघींचे हात दुखले. कसाबसा सुरू झाला तर निळसर धूर निघायला लागला. पुढच्या बैठकीत सगळा राग अध्यक्षा ताईंवर निघाला, कारण सही त्यांची होती. दोन जणींनी तर हप्ता भरणार नाही असं सांगितलं. विकणारा म्हणाला, "तुम्ही चालवून बघूनच नेलाय ना?"

त्याचं म्हणणं खरं होतं, आम्ही चालवून बघितला होता. पण आम्ही तो गरम असताना बघितला.

थंड इंजिन का बघायचं?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा जोरात दाबली जाते, ती दाबाने तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेट घेतं. पिस्टनच्या रिंगा किंवा लायनर झिजले की दाब बाजूने निसटतो. गार इंजिनात मग पुरेशी उष्णता तयार होत नाही आणि ते सुरू व्हायला त्रास देतं. एकदा गरम झालं की तेच इंजिन बऱ्यापैकी चालतं. म्हणून विकणारा कधीकधी गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन चालू करून ठेवतो.

तेव्हा आदल्या दिवशी निरोप द्या, "आम्ही सकाळी येतो, तोवर चालू करू नका." गेल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या आणि ते गार होईपर्यंत थांबा. त्याने घाई केली तर समजून जा.

बघायला गेल्यावर काय तपासायचं?

१. ऑइल : इंजिन बंद असताना पट्टी काढून बघा. काळं ऑइल चालतं. पण दुधाच्या चहासारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय. हेडचं गॅस्केट गेलेलं असू शकतं, नाहीतर त्याहून मोठं काम असेल.

२. पाणी : झाकण इंजिन गार असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते बघा. गरम असताना झाकण काढलं तर वाफेने तोंड भाजतं.

३. धूर : सुरू होताना थोडा पांढरा धूर येऊन गेला तर काळजी नाही. तो येतच राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा-लायनर झिजलेत. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. तिथे आधी एअर क्लीनर बघा.

४. ऑइल ओतायचं झाकण : इंजिन चालू असताना ते सैल करा, तोंड लांब ठेवा. थोडी वाफ चालते. भकभक धूर बाहेर आला तर दाब रिंगांवरून खाली निसटतोय.

५. एअर क्लीनर : उघडून दाखवायला सांगा. आत चिखल, धूळ किंवा कोरडी वाटी दिसली, तर ते इंजिन वर्षानुवर्षं धूळ खात आलंय. धूळ सिलिंडरमध्ये गेली की घासकागदासारखं काम करते.

६. प्रत्यक्ष काम : नुसतं जागेवर चालवून उपयोग नाही. अर्धा तास जमिनीत चालवा. क्लच घसरतो का, गिअर सुटतो का, पट्टे आणि रोटरची पाती किती झिजलीत, ते तेव्हाच कळतं.

सोबत आपला मिस्त्री न्या. त्याला ५०० रुपये दिले तरी ते वाया जात नाहीत. मिस्त्री विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा.

कागदाचं काय?

पावती गटाच्या नावानेच घ्या. तिच्यावर इंजिन नंबर, चॅसी नंबर, रक्कम आणि दोन साक्षीदार हवेत. विकणाऱ्याचं मूळ बिल बघा. त्या यंत्रावर बँकेचं कर्ज बाकी आहे का ते विचारा. त्याने अनुदानावर घेतलं असेल तर विक्रीबाबत काय अटी आहेत ते कृषी विभागाच्या कार्यालयात विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पैसे गटाच्या खात्यातून द्या, रोख नको.

बिघडलाच तर आधी स्वस्तातलं बघा

आमच्या टिलरला पहिल्या मिस्त्रीने न उघडताच सांगितलं, "फुल इंजिन काढावं लागेल, ३५ हजार." आम्ही घाबरलो. पण तालुक्याच्या ठिकाणचा दुसरा मिस्त्री क्रमाने गेला, आणि तो क्रम मी वहीत लिहून घेतला :

आधी टाकी रिकामी करून ताजं डिझेल भरायचं, कारण जुन्या डिझेलमध्ये पाणी साचतं. मग फिल्टर बदलायचा. मग डिझेलच्या लाइनमधली हवा काढायची, कारण लाइनमध्ये एअर धरली तर चांगलं इंजिनही सुरू होत नाही. मग एअर क्लीनर साफ करायचा. मग नोझल तपासायचा. एवढं सगळं काही हजारांत होतं, आणि कित्येक इंजिनं इथेच बरी होतात.

आमचं झालं नाही. मग त्याने हवेच्या वाटेतून थोडंसं ऑइल आत सोडलं आणि हँडल मारलं. इंजिन पटकन सुरू झालं. ऑइलने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजल्या, म्हणजे दोष रिंगा-लायनरमध्येच होता. खर्च लिहून दिला : पिस्टन, रिंगा, लायनर, गॅस्केट आणि मजुरी मिळून २२,५००. फुल इंजिनाची गरज नव्हती.

मैत्रिणींनो, मिस्त्रीकडून अंदाज लेखी घ्या, आणि काढलेले जुने पार्ट परत मागा. ते मागितले की काम खरंच झालं का ते कळतं.

दुरुस्त करायचा की विकून टाकायचा?

हा प्रश्न आम्ही बैठकीत फळ्यावर सोडवला. भाडं तासाला ४५०. त्यातून डिझेल १४०, चालवणारीची मजुरी १२०, ऑइल आणि किरकोळ दुरुस्तीसाठी ४० बाजूला. हातात उरतात १५०. म्हणजे २२,५०० वसूल व्हायला १५० तास लागतात. भाताच्या एका हंगामात आमच्याकडे ८० ते १०० तास काम मिळतं, म्हणजे दोन हंगाम. बिघडलेला टिलर विकला असता तर भंगाराच्या भावाने गेला असता आणि कर्ज तसंच राहिलं असतं. म्हणून दुरुस्ती ठरली. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेब असाच मांडा. चार हंगामांत वसूल होत नसेल तर भावनेपोटी पैसे घालू नका.

हेही लक्षात ठेवा, सरकारी अनुदान नव्या यंत्राला मिळतं, जुन्याला नाही. महिला आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांना कृषी यांत्रिकीकरणात ठरलेल्या मर्यादेत ५० टक्क्यांपर्यंत अनुदान असतं, अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करतात. जुनं घेण्याआधी हा हिशेबही करून बघा.

चालवताना जपा

पदर खोचून आणि केस बांधूनच टिलरजवळ जा. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मूठ आवळून धरू नका, कारण हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडतं. रोटरमध्ये गवत अडकलं तर इंजिन बंद केल्याशिवाय हात घालू नका. बंद गोठ्यात इंजिन चालवू नका, धूर जिवावर बेततो.

पुढे काय झालं?

टिलर मृगाआधी सुरू झाला. त्या हंगामात ९६ तास चालला, म्हणजे १४,४०० रुपये वसूल झाले. बाकीचे अजून व्हायचेत. रोज काम संपल्यावर एअर क्लीनर उघडून बघायचं काम एका मावशींनी स्वतःहून घेतलंय. त्या म्हणतात, "जात्याला कसं पुसून ठेवायचो, तसंच."

अध्यक्षा ताईंची मी भर बैठकीत माफी मागितली. "घ्या" असं मी म्हटलं होतं, आणि बोलणी त्यांनी खाल्ली होती. हप्ता न भरणाऱ्या दोघींपैकी एक परत भरू लागलीय, दुसरीशी बोलणं चालू आहे. आता आमच्या गटात नियम झालाय : १० हजारांच्या वरची वस्तू तीन जणींनी बघायची, एकटीच्या सहीवर घ्यायची नाही, आणि समन्वयक ताई "चांगलं आहे" म्हणाली तरी मिस्त्रीला विचारायचंच.

हा शेवटचा नियम माझ्यासाठी आहे, आणि तो मला मान्य आहे.

तुमच्या गटात यंत्र घ्यायचं चाललं असेल तर पुढच्या ग्रामसंघ बैठकीत सांगा. आपण सकाळी लवकर जाऊ, इंजिन थंड असताना.

तुमची,
क्षेत्र समन्वयक